तबकडीवरचं नाव

आमच्या लिंबागणेशच्या उत्तरेश्वरसारखी सनई निजामाच्या अख्ख्या मुलखात कुणी वाजवली नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. पाटोद्याचं लग्न असो की उमापूरची जत्रा, आधी उत्तरेश्वरची सवड विचारायची आणि मगच तारीख धरायची. जेवणाला मात्र वाजंत्र्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी. तेव्हा मोठ्या लोकांना त्याची थोरवी आठवत नसे.

त्याला शिकवलं थोरल्या भावानं, राधाकिशननं. ऐन उमेदीत राधाकिशनचा उजवा हात गाडीच्या चाकाखाली सापडला आणि बोटं कामातून गेली. तेव्हापासून तो धाकट्याच्या मागं बसून दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरी. सूर धरायला बोटं फिरवावी लागत नाहीत, दम लागतो. वाहवा पुढच्याची व्हायची, मागच्याचं नावही कुणी विचारत नसे. उत्तरेश्वरच्या जिवाला हे फार लागायचं.

मग हैदराबादेत तबकड्या भरणारी एक कंपनी उतरली आणि तिनं उत्तरेश्वरला बोलावलं. तिथला माणूस म्हणाला, आवाज टिपणाऱ्या कर्ण्यापुढं जागा कमी आहे, सूरवाला नको. उत्तरेश्वरनं सनई परत पिशवीत घातली.

"दादा न्हाई तर सनई न्हाई. येतो आमी."

माणूस नरमला. दोघे भाऊ बसले. तबकडीचा कारखाना परमुलखात. ती कुणाची हे तिथं कळावं, म्हणून शेवटी वाजवणाऱ्यानं आपलं नाव पुकारायचं, अशी रीत होती. उत्तरेश्वरनं सारंग असा काही रंगवला की वेळ संपत आल्याची खूण करायची ती कंपनीचा माणूसच विसरला. घाईघाईत सनई ओठावरून निघाली. आमच्यात गुरूचं नाव घेतल्याशिवाय आपलं घेत नाहीत. त्यानं "राधाकिशन लिंबागणेशकर" म्हटलं आणि तबकडी संपली.

पुन्हा भरू, माणूस म्हणाला. उत्तरेश्वर भावाकडं बघून म्हणाला, राहू द्या.

कारखान्यानं ऐकलं तेच छापलं. तबकडी गावात आली तेव्हा मोहनराव देशमुखांनी आपला ग्रामोफोन देवळापुढं मांडला. सारं गाव जमलं. शेवटी नाव आलं तसा राधाकिशन मान ताठ करून बसला. उत्तरेश्वरची बायको केसरबाई मात्र भडकली. तुमचं नाव कुठं हाय, म्हणून तिनं चारचौघांत विचारलं.

उत्तरेश्वर हसला.

"नाव दादाचं हाय. बाकी अख्ख्या तबकडीत मीच हाय की."