टिकल्या लावलेला अॅम्प्लिफायर

आमच्या रविवारच्या बैठकीत कोणी नवा माणूस आला, की चहाच्या आधी त्याला माझी फजिती वाढतात. एकीवरून दुसरी आठवते, दुसरीवरून तिसरी. मी मान खाली घालून पोहे खात बसतो. म्हटलं, लोकांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं.

बैठकीचे मूळचे आम्ही तिघंच. मी, रिटायर्ड हेडमास्तर खोब्रागडे सर आणि माझ्या ऑफिसातला जुना सोबती देवराव. जमायचं मनीषनगरला, माझ्या हॉलमध्ये. दोघांनी आपापली गाणी पेन ड्राइव्हवर आणायची आणि मी ती आलटून पालटून लावायची.

*

पहिल्याच रविवारी घोळ झाला. देवरावची गाणी एकदम हळू, म्हणून मी आवाज पुरता वाढवला. पुढचं गाणं सरांचं, ढोलताशाचं! ते असं दणकलं, की सरांच्या पोह्यांवरची लालभडक तर्री थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

"गाणं ऐकाले बोलावलं का जीव घ्याले?" सर म्हणाले.

तो शर्ट त्यांना लेकीने दिलेला होता. डाग काही निघाला नाही.

*

मग मी अॅम्प्लिफायरवर खुणा केल्या. बटणाभोवती बायकोच्या टिकल्या चिकटवल्या. लाल टिकलीपर्यंत फिरवलं की देवरावची गाणी, हिरवीपर्यंत सरांची. हळदीकुंकवाला आलेली शेजारीण ते बघतच राहिली.

"काहून वं सुनंदा, मशीनचीबी ओटी भरून राहिली का?"

"भरा लागंन बाई! याच्यासाठी दर गाण्याले उठतात हे. माह्यासाठी इतक्या वर्षांत एकदा उठले नाही!"

मी आतल्या खोलीत होतो. तिथेच थांबलो.

*

शेवटी कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घेतला. फोल्डर दाखवायचा, की तो सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप एकसारखा करतो. सीताबर्डीच्या दुकानदाराने तो टाकून देताना बजावलं, "काका, ओरिजिनलची कॉपी बाजूला ठेवा बरं. एकदा त्याच्यावरच सेव्ह झालं, की मागं येत नाही."

मी ऐटीत म्हटलं, "तीस वर्षं ऑफिसचं रेकॉर्ड सांभाळलं मी. मले शिकवतं का?"

हे वाक्य आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

*

धरमपेठेत भाचीचं लग्न होतं. शहनाईची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली. शहनाई होती तो सुनंदाच्या मोबाइलमधला अख्खा फोल्डर उचलला, आवाज एकसारखा केला आणि हॉलवर लावून दिला. आता त्या फोल्डरमध्ये सुनंदाने पुरावा म्हणून रेकॉर्ड केलेलं माझं घोरणंही आहे, हे मला काय माहीत!

जेवणं सुरू असताना शहनाई थांबली आणि हॉलभर मी घोरू लागलो. व्याह्यांचा घास हातातच राहिला. मी धावत जाऊन बंद करेपर्यंत चांगलं मिनिटभर वाजलं.

सर जिलबी मोडत म्हणाले, "लेव्हल मात्र शहनाईच्या बरोबरीत आणली गा!"

बहीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

*

आता उरलेला किस्सा. हा बैठकीत कोणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावा लागतो.

देवरावची बायको कमलवहिनी जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं बोलणं फार हळू. भाकरी थापताना त्या गुणगुणायच्या, पण कोणी ऐकतंय म्हटलं की लगेच गप्प. देवरावने एकदा दाराआडून ते मोबाइलवर घेतलं होतं. तो मोबाइल पुढे बिघडला. रेकॉर्डिंग उरलं ते फक्त त्याच्या पेन ड्राइव्हवर, गाण्यांच्या शेवटी. इतकं हळू, की तो स्पीकरला कान लावून ऐकायचा. आम्ही तेवढा वेळ बोलायचं थांबायचो.

त्याचा पेन ड्राइव्हही मी ठेवून घेऊन प्रोग्राममधून काढला. सगळा. त्याच्यावरच सेव्ह केला. कॉपी ठेवली नाही.

पुढच्या रविवारी शेवटी ते लागलं. पंख्याची घरघर, परातीवरची थापथाप, आणि त्या सगळ्यासकट वहिनींचा आवाज हॉलभर घुमला. मला वाटलं, केवढं काम केलं आपण! मी म्हटलंसुद्धा, "पाह्य देवराव, वहिनी किती साफ ऐकू येऊन राहिल्या!"

देवराव सवयीने उठून स्पीकरपाशी गेला होता. कान लावायला वाकला आणि एकदम मागे झाला.

"पहिलेवालं हाय ना गा तुह्याजवळ?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

देवरावने खुर्ची उचलून स्पीकरपासून दूर, पार भिंतीपाशी नेली आणि तो तिथे बसला.

"राहू दे," तो म्हणाला, "आता जवळ जा लागत नाही."