शेवटचं जोडपत्र

दोषारोपपत्र हातात पडलं की माणूस आधी आपल्यावर ठपका काय आहे ते वाचतो. रज्जाक चाचा ते शेवटून वाचायचे. चष्मा कपाळावर सरकवायचे, गठ्ठा पालथा घालून थेट शेवटच्या जोडपत्रावर, साक्षीदारांच्या यादीवर यायचे आणि तिथं बराच वेळ थांबायचे.

चाचा चाकूरच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. विभागीय चौकशीत अडकलेल्यांचे बचाव सहायक म्हणून ते उभे राहायचे. अशा चौकशीत वकिलाला सहसा परवानगी मिळत नाही, नोकरीतला किंवा निवृत्त सहकारी मात्र चालतो. त्यामुळे नांदेड-लातूरकडचे तलाठी, ग्रामसेवक, कारकून त्यांच्या ओट्यावर येऊन बसलेले असत. दवाखान्याबाहेर बसतात तसे, एकमेकांशी न बोलता.

मीही तसाच बसलो होतो. मुखेडला आमच्या अभिलेख कक्षातून फेरफाराची एक संचिका गायब झाली आणि निलंबित झालो मी. बडतर्फीच होणार असं सगळे कुजबुजत होते, आणि घरात दोन मुली शिकत होत्या. चाचांनी यादीवर नखानं खूण केली.

"ह्यो पवार कोण?"

"शेजारच्या टेबलावर बसतो. रोज एका डब्यात जेवतो आम्ही."

"हाव, मग बराबर हाय. लांबच्या माणसाला हितं कुणी लिवत न्हाई, बेटा."

पवार तसा माणूस नाही, हे मी त्यांना तावातावानं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

नांदेडच्या सुनावणीत पवार उभा राहिला. संचिका माझ्याच ताब्यात होती, असा त्याचा जबाब होता. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. आता चाचा त्याची पिसं काढणार, असं मला वाटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला.

"जबाब तुम्हीच लिवला का, पवारसाहेब?"

"टाइप करून आला होता. मी सही केली."

"वाचला व्हता?"

पवार मान खाली घालून उभा होता. "तपासणीची गडबड होती. न्हाई वाचला."

तो जबाब बाद झाला आणि तिथंच माझी नोकरी वाचली. बाहेर आल्यावर मी पवारला नाही नाही ते बोलायला लागलो, तर चाचांनी माझं मनगट धरलं. "त्याला कायला बोलून राहिलास? तूबी केली असतीस सही."

"मी? मरेन, पण करणार नाही."

चाचा हसले नाहीत. "वट्यावर लई जण असंच म्हणून गेले," एवढंच म्हणाले. ते मला झोंबलं. पुढं त्यांच्याकडे जाणं मी जवळपास सोडलंच. ज्या माणसानं माझं घर वाचवलं त्याच्याशी असा वागलो, याची लाज वाटते. मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. चाकूरच्या कब्रस्तानात माती द्यायला पवारही आला होता. आम्ही बोललो नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयातल्या सुरेखाताई दोषारोपपत्र घेऊन घरी आल्या. नवरा गेलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. "भाऊसाहेब, चाचा तर ऱ्हायले न्हाईत. तुमीच उभं राहा माझ्यासाठी."

मला भरून आलं. चाचांसारखा गठ्ठा पालथा घातला.

साक्षीदार क्रमांक तीन. माझं नाव, खाली माझं पदनाम.

मार्चअखेरच्या गडबडीत साहेबांकडून कागदांची चळत आली होती. शिपाई पानं उलटत गेला, मी सह्या करत गेलो. त्यात काय लिहिलं होतं, मला आजही ठाऊक नाही.

"काय दिसलं, भाऊसाहेब?"

मी पान त्यांच्याकडे फिरवलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "सुनावणीत मला विचारा," मी कसंबसं म्हणालो, "जबाब वाचला होता का, एवढंच विचारा."

सुरेखाताईंनी ऐकलं की नाही, कोण जाणे. नांदेडला मी पवारकडे बघितलं होतं, तशाच त्या माझ्याकडे बघत होत्या.