अकरा वाजताचा एक्स-रे

हात सुधारत होता. एक्स-रे सुधारत नव्हता. तीन दिवस आम्ही दोन्हींकडे आळीपाळीने पाहत होतो.

पेशंट सर्वणचे शेतकरी सखाराम गावस. उजव्या हातात कोयता धरवत नव्हता, चालताना तोल जात होता. मानेच्या दुसऱ्या मणक्याला दातासारखं वर आलेलं एक हाड असतं. गावसांचं ते हाड सरकून मज्जारज्जूवर दाबत होतं.

अशा वेळी आधी ट्रॅक्शन देतात. कवटीला चिमटा, त्याला दोरी, दोरी कप्पीवरून सोडून टोकाला वजन. ओढीने हाड जागेवर आलं, तर मानेच्या मागून स्क्रू बसवून भागतं. नाही आलं, तर तोंडातून जावं लागतं. जबडा उघडा धरून घशाची मागची भिंत चिरायची आणि ते हाड ड्रिलने झिजवून काढायचं. तोंडात जंतू असतातच. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो.

रोज सकाळच्या राउंडला गावस माझी बोटं आदल्या दिवसापेक्षा घट्ट दाबत. दुपारी एक्स-रे हातात येई. हाड तिथंच.

"हात बरा होतोय, सर," मी आमच्या हेडना म्हणालो.

"सूज उतरली असेल. फोटो बघ. हाड हललंय का?"

"नाही."

"मग शुक्रवारी तोंडातून."

गावसांच्या पत्नी सत्यवतीबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "तोंडातसून? मगे हो जेवतलो कसो?"

"काही दिवस नाकातल्या नळीने."

गावसांनी उजव्या हातात पेन घट्ट धरून सही केली. ते पाहून मी आणखी गोंधळलो.

या ऑपरेशनआधी दात तपासतात. जबडा उघडा धरणारं उपकरण पुढच्या दातांवर टेकतं, हलणारा दात घशात पडू शकतो. गुरुवारी अकराच्या सुमारास डेंटिस्ट मॅडम आल्या. मी बरोबर गेलो. एक्स-रेचा टेक्निशियन रोजच्या वेळी नुकताच फोटो काढून मशीन वळवत होता. मॅडमनी तोंडात टॉर्च मारला.

"गालात भात आहे. आधी चूळ भरू द्या."

मान ओढलेली असताना सपाट झोपून माणूस भात जेवला कसा? मी खाटेमागे पाहिलं. वजन स्टुलावर. दोरी सैल. डोक्याखाली चादरीची घडी.

"वजन कोणी काढलं?"

"मियां," सत्यवतीबाई म्हणाल्या. "अकरा वाजले, पेजेची वेळ. मान ओढलेली आसली तर गिळतलो कसो? पेज जाली काय परत लावतंय."

"रोज?"

"रोज. आमच्या घरात अकराची पेज कधी चुकूक नाय."

टेक्निशियन म्हणाला, "मला वाटलं, फोटोसाठीच काढून ठेवलंय." सिस्टरना वाटलं होतं, टेक्निशियनने काढलं. मला काहीच वाटलं नव्हतं, कारण अकराला मी कधीच वॉर्डात नसायचो. वजन काढून मान अशी पुढे वाकवली, की जागेवर आलेलं हाड पुन्हा सरकू शकतं. बाकी दिवसभरच्या ओढीने हात सुधारत होता, फोटो मात्र रोज नेमका वजन काढल्यावरचा होता. तीन दिवसांत काही वाईट घडलं नाही, हे गावसांचं नशीब.

शुक्रवारचं ऑपरेशन थांबवलं. पेज गाळून, चमच्याने, वजन टांगलेलं असतानाच भरवली. शनिवारी त्याच वेळी फोटो काढला. हाड खाली जागेवर उतरलं होतं. हेडनी तो दोनदा उजेडासमोर धरला.

"मागून," ते एवढंच म्हणाले.

मागूनच केलं. काही महिन्यांनी गावस तपासणीला आले. त्यांनी माझी बोटं इतकी दाबली, की मी हात सोडवून घेतला.

"कोयतो धरतत," सत्यवतीबाई म्हणाल्या. "तोंडय तसाच रवला. आता ह्यांची बडबड कोण बंद करतलो?"

रोज एकाच वेळी काढलेले फोटो एकमेकांशी छान जुळतात. म्हणून ते खरे असतातच असं नाही. आता ट्रॅक्शनचा पेशंट असला, की फोटो कधी काढला हे विचारण्याआधी मी तो जेवतो कधी, हे विचारतो.