प्रत्येकाला कोड

माझ्या ताईला कोड आहे. आधी ओठाच्या कडेला पांढरा ठिपका आला, मग बोटं, मग कोपरं. मी तेव्हा सातवीत होते आणि त्याच वर्षी माझी शाळा सुटली. ताईला बघायला येणारे चहा पिऊन जायचे ते पुन्हा यायचे नाहीत. शेवटी माझंच लग्न आधी उरकलं आणि मी हिंगोलीकडून थेट ठाकुर्लीला आले. तेव्हापासून भीती एकच. मुलगी झाल्यावर तर ती पक्कीच बसली. वेणी घालायला घेतली की माझा हात आधी तिच्या कानामागे जायचा, मग कोपरावर. ती वैतागायची, "मम्मी, वेणी डोक्यावर असते."

ठाण्यात मी एका हॉस्पिटलमध्ये साफसफाईला आहे. तिथे त्वचेच्या ओपीडीशेजारच्या खोलीत एक तरुण मॅडम आल्या, कोडावर संशोधन करायला. कोड असलेल्यांचं रक्त घ्यायच्या आणि ज्यांना काहीच नाही त्यांचंही. हे दुसरं मला कळेना. धडधाकट माणसाच्या रक्तात काय बघायचं? एकदा फरशी पुसताना ऐकलं, त्या एका धडधाकट बाईंना समजावत होत्या, "नाव कुठेही येणार नाही. आम्ही प्रत्येकाला कोड देतो."

माझा हात तिथेच थांबला. त्यानंतर ती खोली मी दारातूनच पुसायला लागले.

"ताई, आत का येत नाही तुम्ही?" मॅडमनी विचारलंच. मी सांगून टाकलं. त्यांना आधी समजलंच नाही. मग रक्ताची नळी वर धरून त्यावरचा नंबर दाखवत त्या हसल्या, "अहो, हा कोड. आणि तो दुसरा कोड तर कुणाकडून कुणाला लागतच नाही." माझं तोंड बघून हसू आवरलं त्यांनी. "घरात कुणाला आहे?"

"थोरल्या बहिणीला. माझं रक्त घ्या आणि माझ्या मुलीला होईल का, तेवढं सांगा."

"तुमचं नाही चालणार."

मला वाटलं, यांना माझ्या अंगावर काहीतरी दिसलं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं, "बसा." मला बस म्हणणारं तोवर तिथे कुणी भेटलं नव्हतं. ते स्टूल मी विसरलेले नाही.

"बहिणी-बहिणींमध्ये बरंच सारखं असतं आणि मला तर फरक शोधायचाय," त्या म्हणाल्या. "असं बघा. तुमच्या चाळीत पूजेचं जेवण झालं आणि काहींचं पोट बिघडलं. तुम्ही काय कराल?"

"काय काय खाल्लं ते विचारीन."

"कुणाला?"

"ज्यांचं बिघडलं त्यांना."

"त्या सगळ्यांनी भात खाल्लेला निघेल. पण भात तर बाकीच्यांनीही खाल्लाय. म्हणून बऱ्या असलेल्यांनाही विचारायचं. बासुंदी आजाऱ्यांनी जास्त खाल्ली असेल, तर संशय बासुंदीवर. तरी ती खाऊन ठणठणीत असलेले भेटतीलच."

तेव्हा कुठे मला त्या धडधाकट बाईंच्या रक्ताचा उपयोग कळला.

मग त्यांनी विचारलं, "मूळ गाव कुठलं?" या प्रश्नाला मी बिचकते. भाड्याची खोली शोधताना तो आला की पुढचं बोलणं आटोपतं घेतात. पण मॅडमना गाव खरंच हवं होतं. कोड असलेले सगळे इथल्या खाडीकाठचे घेतले आणि बरे सगळे घाटावरचे, तर हिशेबात मासेच दोषी ठरतील, म्हणाल्या. रक्तातही तसंच, गावागावाचा फरक आजाराचा वाटू शकतो. म्हणून दोन्हीकडे एकाच मुलखातली माणसं हवीत.

"मासे आणि दूध एकत्र खाल्लं की होतं म्हणतात ना?"

"तुमच्या ताई खातात मासे?"

"आमच्या घरात मासा कधी शिजलाच नाही."

"मग सांगा आता तुम्हीच."

आमच्याकडची धडधाकट माणसं त्यांना कमी पडत होती. ती मी शोधली. वागळे इस्टेटमध्ये आमच्या भागातले पुष्कळ जण कामाला आहेत. एकाने विचारलं, "वहिनी, रक्त देऊन मिळणार काय?"

"चहा-बिस्कीट."

"आणि?"

"कोड."

तो उठायलाच लागला, मग त्याला नीट समजावलं.

मुलीचं मी मॅडमना पुन्हा पुन्हा विचारायचे, त्या न कंटाळता सांगायच्या. रक्तात असे फरक पुष्कळ आहेत, कोड होण्यात एकेकाचा वाटा चिमूटभर. हजारो माणसं एकत्र बघितली की शरीर आपल्याच रंगाच्या पेशींवर कुठून उलटतं ते दिसतं, मग औषध त्या जागी शोधता येतं. एका मुलीचं त्यातून सांगता येत नाही. घरात कुणाला असलं तर शक्यता थोडी वाढते, तरी बहुतेकांना होत नाही. त्या 'बहुतेकां'वर माझी झोप अडायची.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "आजवर हात बघून माणसं पळाली. आता रक्त मागायलीत व्हय?"

"तिथं सगळ्यांनाच कोड देतात," मी म्हणाले आणि नंबरचं सांगितलं.

ती बराच वेळ हसली. "मग येते. एकदा तरी सगळ्यांसारखी बसते."

ती आली, रक्त दिलं, आमच्याकडे राहिली. माझी मुलगी तिच्या कोपरावरच्या पांढऱ्या डागावरून बोट फिरवत होती. मी ओरडणार तेवढ्यात तिने विचारलं, "मावशी, हे दुखतं का?"

इतक्या वर्षांत हे मी ताईला कधी विचारलं नव्हतं.

"दुखत नाही गं. उन्हात चुरचुरतं."

"मला आलं तर?"

मी ताईकडे बघितलं. तिने मुलीला पुढ्यात बसवलं आणि वेणीचे पेड घालायला घेतले. "आलं तर मला फोन कर. छत्री कुठली घ्यायची ते तुझ्या आईला कळायचं नाही."

वेणी संपेपर्यंत ताईने मुलीचं कोपर एकदाही बघितलं नाही.