यिप्स समजून घालवलेलं दीड वर्ष

डॉक्टरीणबाईंनी विजूच्या मधल्या बोटाचं टोक धरलं आणि नखाला टिचकी मारली. त्याबरोबर त्याचा अंगठा आपोआप आत वळला. दुसऱ्या हाताचंही तेच झालं. मग त्यांनी एमआरआयचा फोटो दिव्यापुढे धरून मानेतली एक जागा पेनाने दाखवली.

"हे बघा, मज्जारज्जू इथे चेपलाय. हातांना त्रास कधीपासून?"

"दीड वर्ष," विजू म्हणाला.

"आणि दीड वर्ष काय करत होतात?"

"ग्रिप बदलत होतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मानेबरोबर डोक्यातही काही झालंय की काय, असं त्यांना वाटलं असणार. तो काय म्हणतोय ते मला कळलं होतं. मी खाली बघत राहिले.

रोगाचं नाव सर्व्हायकल मायलोपथी. मी चौथी शिकले आहे, त्यामुळे मला समजलं तसं सांगते. मेंदूतून निघालेला दोर मानेच्या मणक्यांमधून खाली जातो. हातापायांचे सगळे निरोप त्याच दोरातून जातात. विजूच्या मानेतला मणक्यांना धरून ठेवणारा पट्टा हाडासारखा कडक होऊन दोरावर दाबत होता. हे काहींचं दुखतं. विजूचं कधीच दुखलं नाही. दुखलं असतं तर आम्ही वेळेत गेलो असतो.

विजू माझा मुलगा, वय अडतीस. व्यवसाय गोल्फ. आम्ही विश्रांतवाडीत दोन खोल्यांत राहतो. ऐकणाऱ्याला हे दोन्ही एकत्र पटत नाही. त्याचे वडील गोल्फच्या मैदानावर कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलून बरोबर चालणारे. मी त्याच मैदानावर वीस वर्षं बसून ग्रीनमधलं तण काढलं. ग्रीन म्हणजे जिथे चेंडू भोकात घालायचा, ती बारीक गवताची जागा. विजूही आधी कॅडी होता. साहेबलोक गेल्यावर जुन्या काठ्यांनी खेळून शिकला आणि प्रोफेशनल झाला, म्हणजे बक्षिसावर पोट भरणारा. दिल्ली, कोलकाता, बंगळूरला जायचा. चंदीगडला एकदा दुसरा आला. मधल्या काळात खराडीच्या कंपन्यांतल्या पोरापोरींना खेळ शिकवायचा.

डॉक्टरीणबाईंकडे जायच्या दीड वर्ष आधी त्याचा पट चुकायला लागला. पट म्हणजे भोकाजवळचा हलका टोला. हातभर अंतरावरून चेंडू बाजूला जायचा. विजू म्हणायचा, हाताला सांगतो एक आणि हात करतो दुसरंच.

गोल्फवाल्यांना असं होतं. त्याला यिप्स म्हणतात. हात ऐन वेळी दगा देतो. बाकी माणूस धडधाकट असतो. पण हे नाव मैदानावर कुणी घेत नाही. घेतलं तर ऐकणाऱ्यालाही लागतं, असं मानतात. ज्याला झालंय त्याच्याशी त्याच्या हाताबद्दल बोलायचं नाही. त्याच्या हाताकडे बघायचंसुद्धा नाही. विजूच्या हातून चहाचा कप दोनदा पडला, तेव्हा झाडाखाली बसलेल्या सगळ्या कॅडींनी तोंड फिरवलं. वाईट मनाने नाही. तिथली रीतच तशी.

त्यात अमेरिकेवाला होता.

हा अमेरिकेतला एक प्रोफेशनल. त्याचं नाव मला नीट म्हणता येत नाही, घरात आम्ही त्याला अमेरिकेवालाच म्हणायचो. त्याची सगळी गोष्ट विजूला पाठ होती आणि ऐकून ऐकून मलाही झाली. बाप ट्रक चालवायचा. विशीत पोरगा जिंकायला लागला, पेपरात फोटो आले. तिशीत पट गेला. मोठ्या स्पर्धेत शेवटच्या भोकावर हातभर अंतरावरून चुकला, तेही सगळ्या जगासमोर. नंतर खाली खाली घसरला, मोठ्या स्पर्धांत कुणी घेईना. गावी जाऊन खेळाच्या सामानाच्या दुकानात उभा राहिला. बायको सोडून गेली. मग त्याने ग्रिप बदलली, म्हणजे काठी धरायची पद्धत. डावा हात खाली, उजवा वर. तीन वर्षं एकटा घासत बसला आणि चाळिशी उलटल्यावर परत येऊन जिंकला. त्या दिवसाचा व्हिडिओ विजूच्या मोबाईलमध्ये होता. जेवताना लावायचा.

म्हणून विजूनेही ग्रिप बदलली. मग परत बदलली. मग लांब दांड्याचा पटर, म्हणजे पट मारायची काठी, आणला. माझी सून सुनीता मला म्हणाली, "आई, हे भात चमच्याने खायला लागलेत. बोटांत घास धरता येत नाही त्यांना. गोल्फचं आणि भाताचं काय नातं?"

मी म्हणाले, "अमेरिकेवाल्यालाही तीन वर्षं लागली होती. तू गप्प बस."

गप्प बसायला मी सांगितलं. हे लिहून ठेवते.

मला दिसत नव्हतं असं नाही. बटणं लावता येईनात म्हणून तो शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागला होता. चालताना चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि याला चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं. चप्पल कळत नाही म्हणजे पायाचं काहीतरी आहे, हे कुणालाही समजेल. मी मैदानावरची बाई. मी तोंड फिरवलं.

शेवटी तो जिन्यात पडला. पायरीवर पाय पडला की नाही हेच त्याला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुनीताने मला न विचारता नंबर लावला. बरं केलं.

हॉस्पिटलातले दिवस सगळे सारखेच. एमआरआयच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. आत जाताना अंगावरचं धातूचं सगळं काढून द्यावं लागतं, म्हणून बाकावरच्या प्रत्येक बाईच्या मुठीत कुणाचं तरी घड्याळ नाहीतर साखळी. मग नर्व्ह कंडक्शन, म्हणजे शिरांना बारीक शॉक देऊन निरोप पोचतो का ते बघतात. मग रक्त, छातीचा फोटो, भुलीच्या डॉक्टरांची सही. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, त्रास कधीपासून. प्रत्येक ठिकाणी विजू सांगायचा, दीड वर्ष. लिहून घेणारा लिहिता लिहिता एकदा थांबायचा.

ऑपरेशनचं समजावताना डॉक्टरीणबाईंनी गोड काही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "मागच्या बाजूने उघडून दोराला जागा करून द्यायची. याला डिकम्प्रेशन म्हणतात, दाब काढणं. पण एक ऐका. हे ऑपरेशन गेलेलं परत आणण्यासाठी नाही. आहे ते राहावं म्हणून आहे. थोडं परत आलं तर तुमचं नशीब."

"हात येईल?" विजूने विचारलं.

"सांगता येत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आला असतात तर मी वेगळं बोलले असते."

"मग कशाला कापून घेऊ?"

"नका घेऊ. आधी चालणं जाईल. मग लघवी झालेली कळणार नाही. ठरवा आणि उद्या सकाळी सांगा."

त्या दिवशी विजू कॉटवर पडून मोबाईल बघत होता. बोटांनी नीट दाबता येईना, म्हणून अंगठ्याच्या बाजूने दाबत होता. अमेरिकेवाल्याचा तोच व्हिडिओ. लोक टाळ्या वाजवत होते.

मी म्हणाले, "बंद कर ते."

"आई, हा त्या दिवशी हरला असता ना, तर मी आज बरा असतो."

"त्याचं काय चुकलं? त्याला यिप्सच होते. तुझं दुसरं होतं."

"तुला माहीत होतं दुसरं आहे?"

मी त्याची उशी सारखी केली.

"वीस वर्षं दुसऱ्यांच्या गवतातलं तण काढलंस," तो म्हणाला, "घरातलं दिसलं नाही तुला."

"दिसलं होतं," मी म्हणाले. "बोलले नाही."

सुनीता पाण्याची बाटली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "झालं दोघांचं? आता सही करा. माझी रजा संपत आलीये."

त्याने सही केली. त्याचं नाव तीन ओळींत पसरलं.

ऑपरेशन पाच तास चाललं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पायाचा अंगठा हलवायला सांगितला. अंगठा हलला. मी देवाचं नाव घेतलं नाही, घेण्यासारखं अजून काही हातात नव्हतं. तिसऱ्या दिवशी उजवा हात खांद्यातून उचलेना. याला सी-फाइव्ह पाल्सी म्हणतात, दाब काढल्यावर कधी कधी एक शीर रुसते. डॉक्टर म्हणाले, बहुतेक वेळा येतं, महिने लागतात. विजू भिंतीकडे तोंड करून पडला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी भरवत होते आणि तो खात होता, एवढाच संबंध.

नंतर फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाने शिकवणं. मऊ गोळा दाबायचा, कपड्याचे चिमटे दोरीला लावायचे, ताटातले राजमा एकेक करून वाटीत टाकायचे. चंदीगडला दुसरा आलेला माणूस राजमा उचलत होता. एकदा त्याने ताट लाथाडलं. मी सांडलेले सगळे राजमा गोळा केले आणि ताट परत त्याच्यापुढे ठेवलं.

आठ महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "खांदा आला, छान. चालणं आहे तसं राहील, काठी लागेल. बोटांचं जे यायचं ते आलं."

"पट?" विजूने विचारलं.

बाईंना आता तो शब्द माहीत झाला होता. त्यांनी मान हलवली, नाही.

म्हणजे हिशेब असा. पेला धरतो. दाढी सुनीता करून देते. खेळ संपला. खराडीच्या पोरांना खुर्चीत बसून तोंडी शिकवतो, त्यातले दोघं टिकलेत. हे आम्हाला बरं झालं म्हणूनच धरायचं आहे, कारण कॉटवर कायमचं पडलेलं माणूस मी त्या वॉर्डात पाहिलंय. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत, आणि सुनीताचे जास्त. तिला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "कुकर लावा आधी."

गेल्या आठवड्यात विजूचं कपाट रिकामं करायला मी मैदानावर गेले. कॅडी झाडाखाली बसले होते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले.

"विजूला यिप्स नव्हते," मी म्हणाले. "मानेत दोर दाबला होता. तुम्ही सगळ्यांनी बघितलं होतं आणि मीही बघितलं होतं."

दोघं उठून गेले. एक म्हातारा म्हणाला, "मावशी, ते नाव नका घेऊ इथे."

"यिप्स, यिप्स, यिप्स," मी म्हणाले. "झालं का काही?"

मी गेटपर्यंत आले तेव्हा निवृत्ती मागून आला. पन्नाशीचा कॅडी, माझ्या ह्यांच्या हाताखाली शिकलेला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "मावशी, माझे तळपाय बधिर असतात. कापसावर चालल्यासारखं वाटतं. मला वाटलं बुटांमुळे."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"सोमवारी ओपीडी असते. सकाळी आठला इथे उभी राहते."

"सोमवारी साहेबांची मॅच आहे."

"साहेबांना म्हणावं बॅग स्वतः उचला. पाय आहेत त्यांना."

सोमवारी मी आठला उभी राहिले. तो साडेआठला आला. एवढा उशीर का केला म्हणून मी त्याला रस्त्यात सगळ्यांसमोर बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि रिक्षाला हात केला.