कानस लावलेलं टोक

श्रीदेवीला आपण किती ओळखत होतो, याचा धोंडिरामने नंतर पुष्कळ विचार केला. हाती फारसं काही लागलं नाही. सात वर्षं ती त्याच्या वरच्या मजल्यावर राहिली. माहेर अक्कलकोटकडचं, म्हणून ती त्याला कानडी वळणाने अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायची. तिला काय आवडायचं, हे त्याला सांगता आलं नसतं. जिना उतरून ती बाहेर गेलेली त्याने कधी पाहिली असेल, तर बोटांवर मोजण्याइतक्या वेळा.

सासू केसरबाई अंथरुणाला खिळलेली. कंबर गेली होती, जीभ मात्र शाबूत. तिला एकटं सोडायची सोय नव्हती. नवरा अमृत टॉवेलच्या कारखान्यात जायचा तो दिवेलागणीनंतरच परतायचा. म्हणून श्रीदेवी उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळायची. त्या तंबाखूने तिला खोकला जडला. विड्या सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं. पण सासूच्या खाटेपासून न हलता होईल असं दुसरं काम कुठलं?

तेही अमृतने शोधून आणलं. दिव्यांच्या माळा बनवणाऱ्या एका मालकाने वीस माळांचे दिवे जोडायला दिले. आठवड्यात नीट जमलं तर बारमाही काम, नाही तर पुन्हा विड्या.

"अज्जा, मला ह्यातलं काय बी कळत न्हाय," श्रीदेवी म्हणाली. "पहिल्यांदा हातात धरणाऱ्यानं कसलं घ्यायचं, ते तुमीच बघून आणा की. तुमी गिरणीतलं वायरमन."

गिरणी बंद पडून जमाना झाला होता. तरी धोंडिराम गेला.

दुकानदार चनबसप्पाने तारा जोडायचं साठ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुढे सरकवलं. "हे न्या काका, झटक्यात तापतंय."

"बारीक तार हाय, जळून जाईल. आन् शिकणारी बाई हाय."

त्याने पंचवीस वॅटचं, वजनाला हलकं, अणकुचीदार टोकाचं निवडलं. ठेवायला स्टँडही घेतला, कारण त्या खोलीत खाटेखेरीज तापलेली वस्तू ठेवायला जागा नव्हती. परतताना आपण बरोबर वस्तू घेतली, याचं त्याला मनातून बरं वाटत होतं.

पहिला दिवस छान गेला. खोलीत सोल्डरच्या पेस्टचा धूर झाला तशी केसरबाई खाटेवरून म्हणाली, "तंबाकूनं ही चालली हुती, आता धुरानं मला घालवती."

"तुमी कुटं जाताय आत्याबाई? तुमाला सुट्टी न्हाय आन् मला बी न्हाय," श्रीदेवी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

संध्याकाळी टोक काळं पडलं. धोंडिरामने ते गार होऊ दिलं आणि कानस घेऊन तांबं चमकेपर्यंत घासलं. "काळं पडलं की असं घासायचं. आमी गिरणीत रोज घासायचो."

श्रीदेवी रोज सकाळी इमानाने घासू लागली. तिसऱ्या दिवसापासून वितळलेलं सोल्डर, म्हणजे जोडायचं कथील, टोकाला चिकटेना. गोळी होऊन खाली पडायचं. ती आणखी घासायची. जोड बसल्यासारखा दिसायचा आणि बोटाने ओढला की सुटायचा.

"अज्जा, माजा हातच वंगाळ हाय का ओ?"

धोंडिरामलाही तेच वाटत होतं. "सवयीनं येतंय," एवढंच तो म्हणाला.

सातव्या दिवशी मालकाने तीन माळा ओढून पाहिल्या आणि दिव्यांचं सगळं पोतं परत घेतलं. सूप पुन्हा मांडीवर आलं.

पंधरा दिवसांनी धोंडिरामने ते टोक चनबसप्पाला दाखवलं.

"कानस मारली का काका? आताच्या टोकावर लेप असतोय. ओल्या फडक्याला पुसायचं नुसतं. लेप गेला, टोक गेलं."

धोंडिरामने नवं टोक घेतलं. मालकाचं काम तोवर दुसऱ्या बाईकडे गेलं होतं. तरी चूक तिच्या हाताची नव्हती, एवढं तिला सांगायचं राहिलंच होतं. रोज तो जिन्यापर्यंत जायचा आणि माघारी फिरायचा. तेवढ्यात कळलं, अमृत बिऱ्हाड करकंबला भावाकडे हलवतोय, रविवारी टेम्पो येणार. मग शुक्रवारी तो वर गेलाच. पायरीपायरीला वाक्य जुळवत गेला.

श्रीदेवी उंबऱ्यातच होती. विडीचं पान कातरता कातरता खोकली. "या अज्जा. बसा."

"तितं काय करणार?"

"हेच की. तितं बी विड्याच. ते तारंचं काम माज्या हातात नव्हतं, तुमाला उगंच हेलपाटा पडला."

धोंडिरामचा हात खिशातल्या टोकावर होता. केसरबाई खाटेवरून बघत होती. त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

"काय काम हुतं का अज्जा?"

"न्हाय. सहज."

"बरं, नळाला पाणी उद्या येतंय का परवा?"

"परवा," धोंडिराम म्हणाला.

"मग उद्याच्याला भागवायला पायजे," ती म्हणाली.