बैलाचं नाव भरणं आवश्यक

माझ्या थोरल्या साडूंइतका बैलांना मानणारा आणि माणसांना जेमतेम ओळखणारा गृहस्थ वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि आता बैलच कमी झाल्यामुळे पुढे होण्याचाही फारसा संभव नाही. अल्लीपूरला त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान होतं. झुली, घुंगरमाळा, वेसणी, कासरे, शिंगांचे गोंडे असा सगळा माल. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गावचे सरपंच त्यांच्या लेखी 'हिऱ्याचे मालक' होते, आणि हेडमास्तर म्हणजे 'ज्यांच्या पवळ्यानं पोळ्याच्या दिवशी तोरण तोडलं ते'. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरची मंडळी आमच्या वर्ध्याच्या घरी आली. बाकीच्यांनी माझा पगार विचारला. भाऊजींनी, म्हणजे या साडूंनी, घरी बैलजोड्या किती ते विचारलं. एकही नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या वडिलांचा हात हातात घेतला आणि सांत्वनाला आल्यासारखा बराच वेळ थोपटला. वडील पुढे कितीतरी दिवस आपलं नेमकं काय गेलं याचा विचार करत होते.

दुकान होतं, पण भाऊजी झूल दुकानातून कधी विकत नसत. गिऱ्हाईक आलं की टेप घेऊन त्याच्या गोठ्यात जायचं, बैलाची छाती, पाठ, वशिंड मोजायचं, स्वभाव विचारायचा, नाव विचारायचं आणि ते नाव झुलीवर भरून द्यायचं, अशी त्यांची रीत. एकदा हिंगणघाटचे कोणी बडे गृहस्थ जीप घेऊन आले. त्यांना आहेरात द्यायला तयार झूल हवी होती. बैलाचं नाव काय, असं भाऊजींनी विचारलं. बैल अजून घ्यायचाय, नाव कुठून आणू, असं ते म्हणाले. "मंग घ्या, नाव ठेवा अन् या. मी कुठी जाऊन राह्यलो?" असं म्हणून भाऊजी पुन्हा सुईदोऱ्याकडे वळले. जीप आली तशी गेली.

पुढे ट्रॅक्टर आले. गोठ्यांमध्ये मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. भाऊजींच्या दुकानात पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस सोडले तर चहा प्यायला येणारी मंडळीच तेवढी उरली. माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, व्यवहाराला पक्क्या. मोबाइलचं रिचार्ज करणारा एक जण गाळा भाड्यानं मागत होता आणि ताईंचा होकार तयार होता. मी तेव्हा वर्ध्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो आणि फावल्या वेळात लोकांना वेबसाइट बनवून द्यायचो. एका बुधवारी भाऊजी एसटीनं थेट माझ्या क्लासमध्ये आले, विद्यार्थ्यांमधल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसले आणि तास संपेपर्यंत शहाण्या मुलासारखे फळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साडूभाऊ, आमच्या गावातले बैल सरून राह्यले. पन दुनियेत तं असतीन ना कुठं तरी. त्याइले माह्यं दुकान कसं समजन?"

छोट्या दुकानदाराला स्वतःची वेबसाइट का असावी यावर मी गिऱ्हाइकांना अर्धा तास भाषण देत असे. ते सगळं भाऊजींनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मी हो म्हटलं. ताईंनी माझ्यासमोरच अट घातली. पोळ्यापर्यंत कॉम्प्युटरमधून एक तरी गिऱ्हाईक आलं तर दुकान राहील, नाही तर गाळा रिचार्जवाल्याचा. भाऊजींनी लगेच शब्द दिला.

वेबसाइट बनवणं हे मी आयुष्यात केलेल्या अवघड कामांपैकी एक. पहिल्या पानावर झुलीचा फोटो हवा होता. पण नुसती झूल दोरीवर टाकून फोटो काढायचा म्हणजे बैलांचा अपमान, असं भाऊजींचं मत. बैलावर टाकून काढावा तर कोणाच्या बैलावर? एकाचा घेतला की बाकीचे मालक रुसणार, आणि भाऊजींच्या सांगण्यानुसार बैलही. शेवटी बैल ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी फोटो मागून काढायला लावला. त्यामुळे साइट उघडली की आधी शेपूट दिसायची. गावानं ते ढुंगण पाच मिनिटांत ओळखलं आणि दोन मालकांनी भाऊजींशी बोलणं सोडलं ते सोडलंच.

दुपारी एक ते तीन साइट बंद ठेवायची, कारण ती त्यांची झोपेची वेळ, हा हट्ट मी कसाबसा मोडून काढला. किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा पानाच्या तळाशी होता. तो पाहून मात्र ते अस्वस्थ होत. इतके लोक येऊन गेले आणि आपण कोणाला पाणीसुद्धा विचारलं नाही, याचं त्यांना वाईट वाटे. त्यातली निम्मी माणसं म्हणजे स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून पान पुन्हा पुन्हा उघडणारे ते स्वतःच होते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पण सगळ्यात कहर होता ऑर्डरचा फॉर्म. त्यात मालकाचं नाव भरलं नाही तरी चाले. बैलाचं नाव, वय, रंग, स्वभाव, शिंगांची ठेवण आणि तीन मापं भरल्याशिवाय तो पुढे सरकतच नसे. मी विनवण्या केल्या. भाऊजी ऐकेनात. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, एकही फॉर्म आला नाही. दर बुधवारी ते यायचे, मी मान हलवायचो, आणि ते "येतीन, कामात असतीन" असं म्हणून परत जायचे. पोळा तीन आठवड्यांवर आला तेव्हा मला ते बघवेना. मी स्वतःच फॉर्म भरला. अमरावतीच्या माझ्या एका मित्राचा पत्ता दिला, पार्सल आलं तर घेऊन ठेव असं त्याला सांगितलं. बैलाचं नाव राजा, रंग पांढरा, स्वभाव शांत. मापांचं काय करावं कळेना, म्हणून माझ्या शर्टाची मापं अंदाजानं वाढवून टाकली.

बुधवारी भाऊजींना फॉर्म दाखवला. वाटलं, आनंदानं उडतील. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. छाती पन्नास इंच आणि पाठ साठ इंच म्हणजे बैल पार खंगलेला आहे, त्यात स्वभाव शांत लिहिलाय म्हणजे उभंही राहवत नसणार, असं ते म्हणाले. पार्सलनं पाठवू, असं मी दोनदा सुचवलं. त्यांनी ऐकल्यासारखंही केलं नाही. रात्रंदिवस बसून झूल शिवली, त्यावर 'राजा' भरलं, बैलाच्या पोटाचं औषध बरोबर घेतलं आणि चौथ्या दिवशी मला न कळवता अमरावतीची एसटी पकडली.

माझा मित्र तिसऱ्या मजल्यावर राहतो. खांद्यावर झूल आणि हातात औषधाची बाटली घेतलेले भाऊजी जिना चढून आले आणि त्यांनी दारातच, गोठा कोणत्या बाजूला, असं विचारलं. मित्राचा धीर सुटला. त्यानं खरं काय ते सांगून टाकलं, त्यांना जेवायला घातलं आणि मला फोन केला.

संध्याकाळी भाऊजी माझ्या दारात उभे राहिले तेव्हा माझी मान वर होत नव्हती. त्यांच्या दुकानाशी, त्यांच्या शब्दाशी मी खेळ केला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि मोठा श्वास सोडून म्हणाले, "बैल बिमार नाई ना, बस. मी तं रस्ताभर देवाचं नाव घेऊन राह्यलो होतो."

मग दुकानाचं काय, असं मी विचारलं. फारम खोटा होता, पण ताईंना दिलेला शब्द खरा होता, असं ते म्हणाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाळा रिचार्जवाल्याला मिळाला. भाऊजींनी स्वतः किल्ली दिली. अमरावतीहून आले त्या संध्याकाळी मात्र निघण्याआधी त्यांनी मला कॉम्प्युटर लावायला सांगितला, फॉर्म उघडायला लावला आणि शेजारी बसून एकेक माप दुरुस्त करून घेतलं. छाती वाढवली, पाठ आवरली. स्वभाव शांत होता, तिथं 'थोडा मस्तीखोर' लिहायला लावलं. "साडूभाऊ, नाव ठेवलं आपन त्याचं," ते म्हणाले. "आता असा उपाशी काऊन ठेवाचा?"

वेबसाइट मी बंद केलेली नाही. तिच्यावर आजवर एकाच बैलाची नोंद झाली आहे. भाऊजींचे गुडघे आता चालू देत नाहीत, वर्ध्याला येणं कधीच सुटलं. फोनवर माझ्या मुलांची नावं त्यांना आठवत नाहीत, कधी कधी माझंही आठवत नाही. पण बोलणं संपता संपता ते हमखास विचारतात, "राजा कसा हाय?"

मी सांगतो, मजेत आहे.